वृद्धसेवागृहातील परिचर्या : एक उजळणी



आरंभीच एका शब्दाचा घोळ निस्तरलेला बरा. आपल्या शहरांत 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली की आपण समजतो, हे बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियेचे खाजगी रुग्णालय. इंग्लंड-अमेरिकेत मात्र त्या नावाने ओळखले जाते ते अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृती हरपत चाललेल्या वृद्धांचे निवासस्थान. आपण त्याला वृद्धाश्रम म्हणतो. परंतु वृद्धाश्रमात धडधाकट माणसेही राहतात. म्हणून या लेखात मी 'वृद्धसेवागृह' हा शब्द योजला आहे. वृद्धांना उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, त्यांची कूस पालटणे ही कामे जेथे पगारी सेवकवर्ग करतो ती जागा, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आपल्यापैकी कोणी अशा गृहात काम करीत असतील, कोणी त्याच्या कार्यकारी समितीवर असतील, कोणाची आई वा वडील तेथे राहत असतील. तिघांनाही उद्देशून हे लिहीत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका गृहात परिसेविका होते. तेथे एक निवृत्त शिक्षिका राहत असत. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. त्यांच्या तक्त्यावर महिनोन्‌महिने एकच नोंद दिसे : 'पाणी घेत नाहीत.' ती नोंद माझ्याच हातची. त्यांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वरचेवर होई, ओठ सुकलेले असत, रात्री त्या असंबद्ध बोलत. नातेवाईक विचारीत तेव्हा आम्ही 'वयोमानाने होते' असे सांगत असू. एके दिवशी नव्याने लागलेल्या एका मावशी माझ्यापाशी आल्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्या म्हणाल्या, "सिस्टर, बाई दुपारी चारनंतर पाणी मुद्दाम पीत नाहीत. रात्री बेल मारली तर कोणी येत नाही. अंथरूण ओलं झालं की सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात. त्यांना लाज वाटते."

माझी नोंद खोटी नव्हती. पण 'का घेत नाहीत' हे मी एकदाही विचारले नव्हते, आणि रात्री दोन मजल्यांना मिळून एकच मावशी असे हे मला ठाऊक असूनही त्या दोन गोष्टींचा सांधा मी कधी जुळवला नव्हता. बोलणी देणारी ती मावशी दुष्ट नव्हती. ती बारा तास पायांवर उभी असे आणि पहाटे दहा ओल्या चादरी एकटीने धूत असे.

हा अनुभव प्रथम ठेवण्याचे कारण असे की परिचर्या सुधारण्याची चर्चा निघाली की आपल्या समित्यांमध्ये पहिला शब्द उच्चारला जातो तो 'सेवाभाव'. सेवकवर्गात सेवाभाव उरला नाही, त्यांच्यासाठी एखादे व्याख्यान ठेवावे, असा ठराव होतो. व्याख्यान होते, चहापान होते, आणि रात्री दोन मजल्यांना मिळून एकच मावशी असते. माझे स्पष्ट मत आहे की सेवागृहात दिसणाऱ्या बहुतेक उणिवा माणसांच्या स्वभावातून नव्हे, तर कामाच्या मांडणीतून येतात. मांडणी बदलली की तीच माणसे वेगळी वागू लागतात.

आंघोळीचे उदाहरण

या म्हणण्याला चांगला पुरावा आहे. सेवागृहातील सर्वांत कष्टाची वेळ आंघोळीची. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती आंघोळीच्या वेळी ओरडते, चावते, ओरबाडते. मग दोघी धरतात, तिसरी पाणी ओतते. 'त्या मारकुट्या आहेत' असा शिक्का बसतो. अमेरिकेतील ओरेगन व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील १५ सेवागृहांत याचा पद्धतशीर अभ्यास झाला व तो २००४ साली प्रसिद्ध झाला. आंघोळीस विरोध करणारे ७३ रहिवासी आणि त्यांना न्हाऊ घालणाऱ्या ३७ सेविका त्यात होत्या. सेविकांना दोन पद्धती शिकवल्या. एकीत शॉवरखालचीच आंघोळ, पण त्या व्यक्तीच्या कलाने : अंग झाकलेले ठेवून, बोलत बोलत, तिला सोसेल त्या क्रमाने. दुसरीत पलंगावरच, धुवून काढावा न लागणाऱ्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मोठ्या टॉवेलाखाली अंग पुसणे. दोन्ही पद्धतींत मारणे-ओरबाडण्याचे प्रसंग निम्म्याहून अधिक घटले. माणसे तीच, आजारही तोच; बदलली ती केवळ रीत.

हे आपल्या बादली-तांब्याच्या आंघोळीस कसे लावावे? विचार करा, ऐंशी वर्षांच्या एका स्त्रीला, जिने आयुष्यात कधी परक्यासमोर पदर ढळू दिला नाही, तिला कोणी न सांगता विवस्त्र करते आणि थेट डोक्यावर तांब्या ओतते. तिला हे स्नान वाटत नाही, हल्ला वाटतो. आणि हल्ला झाला तर माणूस हात उगारणारच. म्हणून पाणी प्रथम पायांवर घालावे, मग हातांवर. पाण्याची ऊब स्वतःच्या कोपराने पाहावी. अंगावर एक जुने सुती लुगडे वा पंचा राहू द्यावा आणि त्याखालूनच साबण लावावा. केस धुण्याचा दिवस वेगळा ठेवावा, कारण बहुतेकांचा राग डोक्यावरच्या पाण्याचा असतो. स्नानगृहाचे दार लावलेले असावे, खिडकीतून वारा येत नसावा, टॉवेल आधीच हाताशी असावा. आणि एखाद्या दिवशी ती नकोच म्हणाली तर तोंड, काखा, जांघा व पाय ओल्या फडक्याने पुसून, नीट कोरडे करून, आंघोळ उद्यावर ढकलावी. रोजचे स्नान हा आपला संस्कार खरा, पण वृद्धांची कोरडी त्वचा एक दिवस विश्रांती मिळाल्याने बिघडत नाही.

येथे व्यवस्थापनाची परीक्षा लागते. 'सकाळी नऊच्या आत सर्वांच्या आंघोळी' हा नियम ज्या गृहात आहे तेथे वरील एकही सूचना पाळता येणार नाही. मावशींना दोष देण्यापूर्वी तो नियम कोणी केला व कोणाच्या सोयीसाठी, हे पाहावे. बहुधा असे आढळते की पाहुणे दहाला येतात म्हणून.

घास आणि ठसका

भरवण्याचे काम आपण सर्वांत सोपे समजतो. म्हणून ते नवख्या मुलीकडे देतो. वस्तुतः चुकीच्या भरवण्याने माणूस दगावू शकतो. वार्धक्यात, पक्षाघातानंतर आणि स्मृतिभ्रंशात गिळण्याची क्रिया मंदावते, अन्नाचा कण वा पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

भरवणाऱ्याने बसावे. उभे राहून भरवले की वृद्ध व्यक्ती मान वर करते आणि वर केलेल्या मानेने गिळताना श्वासनलिका उघडी राहण्याचा धोका वाढतो. तिला शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान घ्यावा. आधीचा घास गिळला गेला का, हे गळ्याची हालचाल पाहून ठरवावे. तोपर्यंत दुसरा चमचा पुढे करू नये. ठसका लागणे, घासानंतर आवाज ओलसर होणे, गालात अन्न साठणे या खुणा दिसल्या की थांबून परिचारिकेस सांगावे. पातळ पदार्थ झरकन घशात उतरतात, म्हणून ज्यांना पाण्याचा ठसका लागतो त्यांना दाटसर पेज वा खिमट अधिक सोसते. मात्र कोणाला किती दाट द्यायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. रात्रीचे जेवण घाईने उरकून सातलाच दिवे मालवणाऱ्या गृहांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता तोंडाच्या स्वच्छतेविषयी. ही बाब क्षुल्लक वाटते, पण जपानमधील ११ सेवागृहांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटातील वृद्धांचे दात व तोंड सेवकवर्गाने प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले आणि दंतवैद्याने आठवड्यातून एकदा तपासले. दुसऱ्या गटाचे नेहमीसारखेच चालू राहिले. नेहमीच्या गटात शंभरांपैकी सुमारे १९ जणांना न्यूमोनिया झाला, काळजी घेतलेल्या गटात सुमारे ११ जणांना. एका साध्या ब्रशने हे साधले. कवळी असेल तर ती रात्री काढून, धुवून, पाण्यात ठेवावी आणि पेल्यावर त्या व्यक्तीचे नाव लिहावे. कवळ्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. त्यावर हसू येते, पण ज्याच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवली जाते त्याला येत नाही.

त्वचा काय सांगते

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर जखमा होतात, त्यांना शय्याव्रण म्हणतात. ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासातून १९६२ साली या धोक्याचे मोजमाप करणारी पहिली सुटसुटीत पद्धत पुढे आली. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज १४ वा त्याहून कमी आली तर धोका आहे असे समजायचे. पुढे याहून सूक्ष्म मोजपट्ट्या निघाल्या, परंतु ज्या गृहात काहीच नाही तेथे ही पाच ओळींची पट्टी उद्यापासून सुरू करता येते.

कूस दर दोन तासांनी पालटावी हा जुना पाठ आहे. प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे व गादीप्रमाणे ती वेळ कमी-अधिक होते, तथापि ठरलेली वेळ नसण्यापेक्षा दोन तासांची वेळ केव्हाही बरी. ओढून सरकवू नये, दोघींनी चादरीसकट उचलून सरकवावे, कारण घासण्याने कातडी सोलते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहावी. पुस्तकांत 'लाली दिसते' असे लिहिलेले असते. ती पुस्तके गोऱ्या त्वचेच्या देशांत लिहिलेली. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही. तेथे आजूबाजूपेक्षा गडद डाग, हाताला लागणारी उष्णता किंवा घट्टपणा हीच पूर्वसूचना. अशा जागी तेल चोळू नये. पूर्वी आम्हीच चोळत असू आणि रबरी कडीही ठेवत असू. दोन्हींनी नुकसान होते हे नंतर कळले. जे जुन्या पद्धतीने शिकले त्यांनी यात कमीपणा मानू नये.

बांधणे आणि गुंगी

'पडतील म्हणून बांधतो' हे वाक्य मी अनेक गृहांत ऐकले आहे. ओढणीने, साडीच्या काठाने, कधी मायेनेच. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी सेवागृहांतील सुमारे ४० टक्के वृद्धांना असे बांधून ठेवले जात असे. तेथील एका चौकशी समितीच्या १९८६ च्या अहवालानंतर १९८७ साली कायदा झाला. त्याने सोयीसाठी वा शिक्षा म्हणून बांधण्यास मनाई केली, आणि सेविकेस निदान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढील दोन दशकांत बांधण्याचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास व नंतर त्याहूनही खाली आले. बांधणे सोडल्याने गंभीर दुखापती वाढतील अशी भीती होती. ती खरी ठरली नाही. बांधलेला माणूस सुटण्याची धडपड करतो, त्यात त्याचे स्नायू, त्वचा व मन तिन्ही झिजतात.

मग करावे काय? पलंग ठेंगणा करावा, रात्री मंद दिवा ठेवावा, सैल सपाता बंद कराव्यात, आणि माणूस का उठतो ते शोधावे. रात्री दोनला उठणारा बहुधा लघवीला उठत असतो. त्याला साडेबारा-एकला जाऊन आणले की दोनचे पडणे टळते. दोरी सोडून गुंगीच्या गोळ्या देणे हाही उपाय नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना देण्यात येणाऱ्या काही मानसोपचारी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ सालीच दिला आहे. ही औषधे कधी लागतातच, पण ती डॉक्टरांनी तपासून, थोड्या काळापुरती. 'रात्रपाळी शांत जावी' हे त्यांचे कारण असू नये.

बोलणे

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवूड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा ऱ्हास केवळ मेंदूच्या आजाराने होत नाही. भोवतालची माणसे त्याच्याशी कसे वागतात यानेही होतो. त्याला लहान मूल समजणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलणे, त्याला झेपणार नाही इतक्या वेगाने कामे उरकणे, अशा वागणुकींची त्यांनी नोंद केली. यात क्रूर हेतू नसतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती महाराष्ट्राबाहेरील वाचकांना विशेष जाणवेल. बंगळुरू, हैदराबाद, बडोदे, इंदूर येथे मुलांच्या नोकऱ्यांपायी गेलेले आपले वडीलधारे तेथील गृहांत राहतात. स्मृती हरपू लागली की पुष्कळांची नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा उरते. चाळीस वर्षे उत्तम इंग्रजी बोललेले गृहस्थ एके दिवशी फक्त मराठीत उत्तरे देऊ लागतात, आणि केरळहून आलेली सिस्टर समजते की ते बरळतात. अशा नातेवाइकांनी एक साधी गोष्ट करावी. पाणी, लघवी, दुखतंय, थंडी वाजते, भूक, नको, थांबा, आई, घरी जायचंय, असे वीसतीस शब्द त्या सेविकेच्या लिपीत एका पुठ्ठ्यावर लिहून पलंगापाशी टांगावेत. सोबत त्या व्यक्तीची थोडी माहिती : काय नावाने हाक मारलेली आवडते, काय काम केले, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते. सर्वांना 'आजी-आजोबा' म्हणणे गोड आहे. परंतु ज्यांना जन्मभर 'बाई' किंवा 'पाळकसाहेब' म्हटले गेले त्यांना 'ए आजी, ऊठ' हे बोचते.

निवड करू देणे हाही बोलण्याचाच भाग. १९७६ साली अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील एका सेवागृहात एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले की आपले निर्णय आपण घ्यावेत, आणि प्रत्येकाला एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण 'त्यांची व तुमची काळजी आम्ही घेऊ' असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक तरतरीत व आनंदी आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण 'निळी साडी की हिरवी?' एवढे विचारायला पैसे लागत नाहीत.

सेवकांकडे पाहताना

१८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील सँ-सर्व्हां येथे झान ज्युगान या गरीब स्त्रीने एका अंध विधवेला घरी आणून स्वतःचा पलंग दिला. तेथून वृद्धांची सेवा करणाऱ्या ज्या भगिनीसंघाचा आरंभ झाला तो १८८२ साली कोलकात्यात पोचला. आपल्या देशातील कित्येक वृद्धसेवागृहे अशाच ख्रिस्ती प्रेरणेतून उभी राहिली. मात्र त्या प्रेरणेचा एक दुरुपयोगही आपण केला आहे : पलंग देणारी स्वतःच्या इच्छेने देत होती; आपण मावशींना तुटपुंजा पगार देऊन त्यांच्याकडून तोच त्याग गृहीत धरतो. ज्या समित्या नवीन सभागृहासाठी देणग्या गोळा करू शकतात त्यांनी रात्रपाळीस आणखी एक माणूस नेमण्यासाठीही त्या गोळा कराव्यात. पाटी लावता येत नाही म्हणून या कामाला देणगीदार मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

शिकवणे वर्गात थोडे व पलंगापाशी अधिक असावे. अनुभवी परिचारिकेने नव्या मावशीसोबत आठवडाभर काम करावे, करून दाखवावे, मग तिला करू द्यावे. एकाच मावशीकडे शक्यतो तीच माणसे ठेवावीत, म्हणजे बारीक बदल तिच्या ध्यानात येतात. पाळी बदलताना दहा मिनिटे दोन्ही पाळ्यांनी एकत्र उभे राहावे आणि त्या दहा मिनिटांचा पगार द्यावा. प्रथम बोलण्याचा मान सर्वांत कनिष्ठ सेविकेस असावा. चूक घडली की पहिला प्रश्न 'कोणी केली' हा नसून 'कशी घडली' हा असावा, नाहीतर पुढची चूक लपवली जाईल, आणि लपलेल्या चुकीची किंमत पलंगावरचा माणूस देतो.

एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी आणि ती मोजावी. आम्ही त्या बाईंच्या निमित्ताने पाण्यापासून आरंभ केला. प्रत्येकजण दिवसात किती पेले पितो, आणि रात्रीची बेल वाजल्यापासून कोणी पोचेपर्यंत किती वेळ जातो, हे दोन आठवडे वहीत लिहिले. ती वही घेऊन मी समितीपुढे गेले. दुसरी रात्रपाळीची मावशी मिळायला चार महिने लागले. तोपर्यंत आम्ही बाईंच्या पलंगाशेजारी बैठे शौचपात्र ठेवले, पडदा लावला, आणि रात्री दहा, एक व चार वाजता न बोलावता त्यांच्याकडे जाण्याचे ठरवले. बाई संध्याकाळी पुन्हा पाणी पिऊ लागल्या. त्या पुढे दोन वर्षे आमच्यात होत्या, आणि ज्या मावशींनी त्यांची अडचण सांगितली त्यांना त्यांनी सही करायला शिकवले.

शेवटी वाचकांना एक विनंती. नाताळाच्या आठवड्यात आपल्या मंडळ्यांतील तरुणसंघ, महिलामंडळ, रविवारची शाळा सगळेच वृद्धसेवागृहास भेट देतात. केळी, बिस्किटे, गीते. एका दिवसात चार चार गट. जानेवारीत कोणी फिरकत नाही. आपण जाणार असाल तर अधिसेविकेस विचारून एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहाला जावे, भरवायचे कसे ते तेथील मावशींकडून शिकून घ्यावे, आणि एका व्यक्तीजवळ खुर्ची ओढून बसावे. एका माणसाच्या जेवणाला साधारण पाऊण तास लागतो.